ताट नको, पान पाठवा



भाताची मळणी उरकली, गवताच्या गंज्या रचून झाल्या आणि उसाला कोयता लागला, की आपल्या घरांतून दुसऱ्याच एका कामाची लगबग सुरू होते. तांदूळ धुऊन सावलीत वाळत पडतात, नारळ सोलले जातात, माळ्यावरचे पत्र्याचे डबे खाली उतरून उन्हात बसतात. कुलकुल, नेवऱ्या, दोदोल, चण्याच्या डाळीचा दोस, रव्या-नारळाचा बाथ! नाताळ जवळ आल्याचे भिंतीवरच्या कॅलेंडराआधी आपल्या नाकालाच कळते.

या पानावर आपण एरवी बी-बियाणे, खते, जनावरांचे रोग यांविषयी बोलतो. तेव्हा गोडधोडाचा विषय इथे कशाला, असे कोणी विचारील. पण तांदूळ, नारळ, गूळ, तीळ हे सारे शेतातूनच येते, आणि शेवटी जाते ते आपल्याच पोटात. म्हणून शेती आणि आरोग्य या दोन्हींच्या मधोमध हा विषय बसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, या ताटांच्या देवघेवीत एक चूक शिरलेली आहे, आणि तिच्यात मीही सामील होतो. ती बोलून दाखवणे मला भाग आहे.

नाताळला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गोडाचे ताट पाठवण्याची आपली चाल जुनी आहे. गोव्यातले आपले सोयरे त्याला कोन्सुआद म्हणतात, मंगळूरकडचे लोक कुस्वार म्हणतात. मूळ शब्द पोर्तुगीज आहे. त्या देशात कोन्सोआदा म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण. आपल्याकडे मात्र ते जेवण घरात मावले नाही, ताटात बसून ते गल्लीत निघाले. क्रोशाच्या विणलेल्या रुमालाखाली झाकलेले ते ताट घेऊन पोरे या दारातून त्या दारात पळत असतात, हे दृश्य आपणा सर्वांच्या बालपणीचे आहे. दिवाळीला हिंदू शेजाऱ्याकडून आलेल्या फराळाची आठवण ठेवून त्याच्या घरीही ते ताट जाते. ही चाल चांगली आहे. ती मोडावी असे मी मुळीच म्हणत नाही.

आता गेल्या नाताळची गोष्ट सांगतो. नाताळच्या अष्टकात मी घरभेटी करीत होतो. एका सुखवस्तू घरी टेबलावर नऊ ताटे मांडलेली पाहिली. घरात माणसे तीन, त्यांतल्या दोघांना मधुमेह. घरची बाई हसत म्हणाली, "फादर, एवढं कोण खाणार? जानेवारीत म्हशीच्या आंबोणात जाईल." त्याच वाटेने पुढे गेलो. गल्लीच्या टोकाला एका विधवेचे घर आहे. तिचा नवरा पावसाळ्यात वारला. तिच्याकडे एकही ताट आले नव्हते. शेजारणींना विचारले, तर उत्तर मिळाले, "सुतकाचं घर आहे, तिथं गोड कसं धाडायचं?"

बंधुभगिनींनो, आपली चाल नेमकी याच्या उलट आहे. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला, त्या घरी गोडधोड करीत नाहीत, हे खरे. पण म्हणूनच तर नातलगांनी आणि शेजाऱ्यांनी त्या घरी पाठवायचे असते. त्या घरची चूल दुःखाने थंड आहे, तेव्हा आपल्या चुलीची ऊब तिकडे न्यायची, हा त्यामागचा अर्थ. पहिला अर्धा नियम आपण पाठ ठेवला आणि दुसरा अर्धा विसरलो.

त्या बाईला मी म्हणालो, "बाई, कुणीतरी पाठवायला हवं होतं." ती जे बोलली ते मी अजून विसरलेलो नाही. ती म्हणाली, "न्हाई धाडलं ते बरंच झालं, फादर. ताट आलं असतं तर परत काय घालून देऊ? साखर बी न्हाई घरात."

इथे माझे डोळे उघडले. आलेले भांडे रिकामे परत करू नये, हा आपल्या मराठी घरांचा संस्कार आहे. निदान चिमूटभर साखर तरी घालून ते परत जाते. संस्कार सुंदर आहे, पण गरिबाच्या दारी गेल्यावर तोच ओझे होतो. ज्याच्याकडे परत घालायला आहे त्यालाच ताट जाते. ज्याच्याकडे नाही तो ताटाला भितो. हळूहळू गोडधोड फिरत राहते ते सुखी घरांतल्या सुखी घरांत. मागच्या वर्षी कोणाकडून काय आले, किती नग आले, याचा हिशेब काही घरांत इतका चोख असतो, की दूध सोसायटीच्या चिटणीसाने शिकून घ्यावा.

प्रभू येशूने हा हिशेब फार पूर्वी ओळखला होता. संत लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात तो आपल्या यजमानाला सांगतो, की मेजवानी देशील तेव्हा मित्र, नातलग आणि धनवान शेजारी यांना बोलावू नकोस, कारण ते तुला उलट बोलावतील आणि तुझी फेड होऊन जाईल. ज्यांना फेडता येत नाही अशांना बोलाव. जुन्या करारात नहेम्याच्या पुस्तकातही (८ वा अध्याय) हेच आहे. बंदिवासातून परतलेले लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले, की आज रडू नका, चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. कोणाला पाठवा हे शब्द नीट ऐका. ज्यांच्या घरी भरपूर आहे त्यांना पाठवा, असे तिथे म्हटलेले नाही.

आपण शेतकरी आहोत, आपल्याला वाटा म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. बेथलेहेम या नावाचा अर्थच भाकरीचे घर. त्या गावच्या शेतात रूथ नावाची परदेशी विधवा सरवा वेचायला गेली होती. शेताचा मालक बवाज याने कापणाऱ्यांना सांगून ठेवले, की पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम टाकून द्या, तिला वेचू द्या आणि तिला कोणी बोलू नका. देण्याची ही रीत पाहा. त्याने तिच्या हातावर भीक ठेवली नाही. तिला मान खाली घालावी लागणार नाही असे त्याने दिले. त्याच रूथच्या वंशात दावीद राजा झाला आणि त्याच गावी आपला प्रभू जन्मला. गव्हाणीपाशी गुडघे टेकताना हे शेत आपण विसरू नये.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. यंदा ताट पाठवू नका, पान पाठवा. केळीच्या पानात, पळसाच्या द्रोणात, नाहीतर स्वच्छ कोऱ्या कागदात गोड बांधा आणि नेऊन द्या. पान परत करावे लागत नाही. पानात साखर घालून पाठवावी लागत नाही. घेणारा मोकळा आणि देणारा हिशेबातून सुटलेला. ज्यांच्याशी तुमची बरोबरीची देवघेव आहे त्यांच्याकडे ताट खुशाल जाऊ द्या, पण पहिला घाणा निघाला की पहिले पान सुतकाच्या घरी, एकट्या म्हाताऱ्यांकडे, अंथरुणावरच्या आजाऱ्याकडे जाऊ द्या.

आणि आणखी एक दार आहे, ज्याला दारच नाही. नाताळच्या ऐन दिवसांत आपल्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या उतरलेल्या असतात. बीडकडून, विजापूरकडून आलेली ही माणसे मुकादमाची उचल फेडण्यासाठी पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या कोप्यांतून थंडी काढतात. पहाटे नवरा-बायको फडात जातात, लेकरे कोपीपाशी धाकट्या भावंडाला सांभाळतात. आपल्या दोदोलाला काळा गूळ माडाचा लागतो, पण पिठीसाखर, साधा गूळ, चहाची साखर हे सारे याच कोयत्यांनी तोडलेल्या उसाचे आहे. आपल्या बांधावर परदेशी मजूर उतरला असताना बेथलेहेमच्या नावाने सण करणाऱ्यांनी त्याच्या लेकरांना चार कुलकुल देऊ नयेत, हे शोभत नाही. काही जण म्हणतील, ते आपले घेतील का? मी नेऊन पाहिले आहे. घेतात. आणि अंडे न घातलेले काय आहे ते आधी सांगितले तर निःशंक घेतात. हिंदू शेजाऱ्यांच्या बाबतीतही तेच. नेवऱ्या, कुलकुल, दोस वेगळे करून द्यावे. केकमध्ये अंडे किंवा रम असेल तर तसे सांगावे. एकादशी-चतुर्थीचा उपवास असेल तर दुसऱ्या दिवशी द्यावे. प्रेमात एवढी चौकसता हवीच.

आता घरी करण्याविषयी. बेकरीतून खोके आणून वाटणे पाप नव्हे. पण दोदोल पाहा. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि माडाचा गूळ मंद आचेवर तास न् तास ढवळावा लागतो. एक हात थकला की दुसरा लागतो. दोदोल एकट्याने होत नाही, हाच त्याचा मोठा गुण आहे. बिबिंकाचाही एकेक थर भाजून मगच पुढचा ओततात. बिबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तो संयम कोणत्याही शिक्क्याने विकत मिळत नाही. मात्र हा संयम फक्त बायकांनीच का दाखवावा? मुंबई-पुण्याहून सुटीवर आलेल्या मुलग्यांनी आणि ओसरीवर बसलेल्या कारभाऱ्यांनी यंदा ढवळणे हाती घ्यावे. नारळ खवणे पुरुषाला कमीपणाचे नाही. आणि सणासाठी बचत गटातून कर्ज काढून पाच प्रकार करण्यापेक्षा घरच्या तांदळाचे दोनच प्रकार करावेत. कर्जाचे गोड फेब्रुवारीत कडू लागते.

आरोग्याचे चार शब्द. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचे आढळले, आणि सर्वांत मोठे प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक. आपल्या निम्म्या सोयरिकी तिकडेच आहेत, तेव्हा हा आकडा परका समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या सल्ल्यानुसार रोजच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमीच वरच्या साखरेतून यावेत. साधारण २००० उष्मांक खाणाऱ्या माणसाला ही मर्यादा ५० ग्रॅम, म्हणजे सुमारे १२ लहान चमचे, आणि त्यात चहाची साखरही धरायची. गूळ चालतो ही समजूत सोडा. गुळाचे उष्मांक जवळजवळ साखरेइतकेच आहेत आणि मधुमेह्याच्या रक्तातली साखर तो तशीच वाढवतो. गोड खायचे म्हणून गोळी दुप्पट घेणे किंवा गोळी चुकवणे, दोन्ही धोक्याचे.

करणाऱ्यांसाठी थोडक्यात सूचना:

१. तळणीचे तेल तीन-तीन दिवस तापवू नये. काळे पडले, फेस धरू लागले, वास बदलला की टाकून द्यावे. चांगले उरले तर गाळून लवकर फोडणीला संपवावे.

२. बुरशीचे किंवा कडवट लागणारे शेंगदाणे सारणात घालू नयेत. त्या बुरशीतले विष यकृताला बाधते आणि भाजल्याने ते पूर्ण जात नाही.

३. ओल्या नारळाचे सारण एक-दोन दिवसांत संपवावे. टिकवायचे असेल तर भाजलेले सुके खोबरे, तीळ, खसखस घ्यावी. वाटताना आधी काय खावे ते सांगावे.

४. पिवळाधमक गूळ पाहून भुलू नये. रंग उजळण्यासाठी पावडर मारलेली असू शकते. गुऱ्हाळावरचा तांबूस-काळसर गूळ बरा.

५. मधुमेह्याच्या घरी गोडाऐवजी पपई, पेरू, शेतातली भाजी, भाजलेले शेंगदाणे न्यावेत. तोही नाताळचाच वाटा.

शेवटी माझी स्वतःची कबुली. नवा धर्मगुरू होतो तेव्हा पहिल्या नाताळला माझ्याकडे इतकी ताटे आली की मला मोठेपणा वाटला. डबे कपाटात ठेवले. उपासकाळ आला तेव्हा उघडले, तर बुरशी आणि मुंग्या. ते गोड कोणाच्या तरी लेकराचे होते आणि मी ते कपाटात कुजवले. तेव्हा यंदा विनंती अशी, की धर्मगुरूसाठी काढलेले ताट माझ्याकडे आणू नका. तेच पानात बांधा आणि ज्या घरी कोणी गेले नसेल तिथे घेऊन जा. दारात घाई करू नका. दोन मिनिटे बसा. मी घरभेटीला येईन तेव्हा टेबलावर किती ताटे आली हे विचारणार नाही. तुमच्या घरून किती पाने गेली एवढेच विचारीन.

नाताळच्या आगाऊ शुभेच्छा आणि आशीर्वाद.

– तुमचा धर्मगुरू