वडिलोपार्जित शेती : आधी कागद, मग नांगर



आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची पेढी शहरात आली. मूळ गावची पाच-दहा एकर जमीन मात्र तेथेच राहिली. आजोबांनी ती व्यापाराच्या बचतीतून घेतली, वडिलांनी वर्षातून दोनदा जाऊन पाहिली आणि आपल्या पिढीला ती शेतसाऱ्याच्या पावतीपुरतीच ठाऊक आहे. दुकानाचा हिशेब पैशापैशाने ठेवणारी आपण माणसे. पण या मालमत्तेचा ताळेबंद कोणी मांडत नाही. निवृत्तीनंतर हाती वेळ आला की तिची आठवण होते. माझ्या परिचयातील काही निवृत्त दांपत्यांनी अशी शेती पुन्हा उभी केली, तर काहींनी ती अर्ध्यावर सोडली. दोहोंतील फरक कष्टांपेक्षा कामाच्या क्रमात अधिक होता. त्या क्रमाविषयी आज लिहितो.

जमीन पडीक का पडली, हे प्रथम समजून घ्यावे. पश्चिम महाराष्ट्रात 1948 च्या कूळकायद्यानुसार 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी जमीन कसणारे कूळ तिचे खरेदीदार मानले गेले. कसणाऱ्याला न्याय मिळाला. पण परगावी राहणाऱ्या मालकांच्या मनात एक भीती कायमची बसली. 'दुसऱ्याला कसायला दिली की गेली' या समजुतीने अनेकांनी जमीन वाट्याने देण्यापेक्षा ओसाड ठेवणे पसंत केले. परंतु ओसाड ठेवणे हेदेखील सुरक्षित नाही. 1963 च्या मुदतीच्या कायद्यानुसार, मालकाचा हक्क नाकारून कोणी सलग 12 वर्षे उघडपणे ताबा ठेवला, तर मालकाचा दावा मुदतबाह्य ठरू शकतो. दरवर्षी बांध एकेक फूट सरकतो आणि पाहणारा कोणी नसतो.

म्हणून पहिले काम कागदांचे. सातबारा आणि आठ-अ यांचे ताजे उतारे काढावेत. कित्येक घरांत सातबाऱ्यावर अद्याप आजोबांचेच नाव असते. जमीन महसूल संहितेनुसार वारसाने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत वर्दी देणे अपेक्षित आहे. उशीर झाला असला तरी वारसनोंद करून घ्यावीच. तलाठी नोटीस काढतात, हरकतीसाठी 15 दिवस दिले जातात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात.

येथेच कुटुंबाची खरी कसोटी लागते. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. 9 सप्टेंबर 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आणि त्या दिवशी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर वाटणी झालेली नसल्यास बहिणीला वगळून पुढे जाता येत नाही. बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची घाई अनेक भाऊ करतात. तिने ते स्वेच्छेने दिले, तर नोंदणी करून घ्यावे. मात्र ती सही लग्नघरात, पाहुण्यांच्या गर्दीत मागण्याची गोष्ट नव्हे. ज्या घरात बहिणीचे नाव सन्मानाने सातबाऱ्यावर चढले, त्या घरात पुढच्या खर्चालाही चार हात लागलेले मी पाहिले आहेत.

दुसरे काम हद्दीचे. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा आणि मोजणीच्या दिवशी लगतच्या शेतकऱ्यांनी हजर राहावे म्हणून स्वतः घरी जाऊन बोलावणे करावे. खुणा कायम झाल्यावरच कुंपणाचा विचार करावा. शेजाऱ्यांची वर्षानुवर्षांची पायवाट तारेने एकाएकी बंद केली, तर निवृत्तीची उरलेली वर्षे तहसील कचेरीत जातील.

तिसरे काम पाण्याचे. जुन्या विहिरीतील गाळ एप्रिल-मे महिन्यांत, पाणी तळाला गेल्यावर काढावा. वापरात नसलेल्या विहिरीत विषारी वायू साचलेला असू शकतो; खात्री करून घेतल्याशिवाय आणि कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणालाही आत उतरवू नये. चार पैसे वाचवण्यासाठी कोणाच्या घरचा कर्ता माणूस पणाला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.

त्यानंतर माती. वेडी बाभूळ नुसती तोडली तर पुन्हा फुटते. ती मुळासकट काढावी लागते. उन्हाळी नांगरट केल्याने हराळी आणि कुंदा यांचा जोर कमी होतो. माती परीक्षणासाठी आठ-दहा ठिकाणची, सुमारे वीतभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून त्यातील अर्धा किलो पाठवावी. झाडाखालची, बांधालगतची आणि उकिरड्याजवळची माती घेऊ नये. पहिल्या पावसाळ्यात विक्रीच्या पिकाचा मोह टाळून ताग किंवा धैंचा पेरावा आणि फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडावा. पाणी बेताचे असेल तर पुढे सीताफळ, आवळा, चिंच यांसारखी झाडे लावावीत. पाच मीटर अंतराने लावल्यास एकरी साधारण 160 सीताफळे बसतात. राज्य शासनाच्या फळबाग योजनेचे अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळते आणि त्यासाठी झाडे जगवावी लागतात.

आता पैशाविषयी. मुदत ठेव मोडून शेतघर बांधणे ही सर्वांत सामान्य चूक होय. घर शेवटी, तोवर एक पत्र्याची खोली पुरते. निवृत्तीच्या पुंजीच्या दहाव्या हिश्शाहून अधिक रक्कम शेतीत घालू नये, हा माझा ठोकताळा आहे. औषधपाण्याची रक्कम तर निराळ्या खात्यातच असावी. विहीर, कुंपण, झाडे हा भांडवली खर्च आणि मजुरी, खत, वीज हा चालू खर्च, अशी दोन पाने ठेवावीत. पहिली तीन वर्षे उत्पन्नाचे पान कोरे राहील, असे धरून चालावे. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले, तरी निव्वळ उत्पन्न 5,000 रुपयांहून अधिक आणि इतर उत्पन्न करपात्र मर्यादेपलीकडे असल्यास कराचा दर ठरवताना ते जमेस धरले जाते, हे विसरू नये.

सरतेशेवटी माणसे. आपल्या गैरहजेरीत ज्याने गुरे चारता चारता का होईना, पण जमिनीवर नजर ठेवली, त्या गावकऱ्याला पहिल्याच दिवशी चोर ठरवू नये. हद्द, पाण्याची शीर आणि कोणत्या कोपऱ्यात काय पिकते, हे ज्ञान त्याच्याकडे आणि आपल्या घरातील ऐंशी वर्षांच्या काकांकडेच उरले आहे. कागद उद्याही मिळतील. ही माणसे उद्या असतीलच असे नाही. येत्या सुट्टीत भाऊ-बहिणींनी एकत्र बसून सातबारा मोठ्याने वाचावा आणि काकांना सोबत घेऊन एकदा बांधावरून चालून यावे. जमीन ठेवायची की विकायची, याचा निर्णय त्यानंतर घ्यावा. न पाहिलेला माल आपण दुकानात कधी विकत नाही. वाडवडिलांच्या जमिनीला निराळा नियम कशाला?