‘सीमै’ची बाभूळ आणि सल्ल्याची भाषा

कुंभकोणम् म्हटले की मराठी वाचकास बारा वर्षांनी भरणारे महामहम्, विड्याची पाने आणि फार तर गावातील रस्त्यांना अद्याप चिकटून राहिलेले ‘दबीर’ हे नाव आठवते. कावेरी व अरसलार यांच्या बेचक्यातील हे नगर एका आधुनिक प्रयोगाच्याही परिसरात येते, याची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी क्वचितच घेतली असेल. येथून जवळच आडुतुरै येथे १९२२ मध्ये भातसंशोधन केंद्र सुरू झाले. १९६०-६१ च्या सुमारास तंजावर जिल्हा सघन कृषी कार्यक्रमात आला. आणि पुढे आडुतुरैच्या ‘ए.डी.टी. २७’ या वाणाची माहिती तिरुच्चिराप्पळ्ळी आकाशवाणीने इतक्या आस्थेने गावोगावी पोहोचविली, की शेतकरी त्या तांदळास ‘रेडिओचा तांदूळ’ म्हणू लागले. विद्यापीठीय सल्ल्याला लोकभाषेने नाव बहाल करावे, असा प्रसंग विरळाच.

अर्थात ही केवळ भाषेची किमया नव्हे. कमी मुदतीचे ते वाण कुरुवै हंगामास जुळणारे होते. पाणी, खत व कर्ज यांची जोड होती. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ऐकणारा आणि करणारा एकच होता. शेत त्याचे, निर्णय त्याचा. विस्तार-शिक्षणाची सारी रचना अशा एका श्रोत्याला गृहीत धरून झालेली आहे, आणि नेमकी तेथेच ती आज अडते.

कारण सीमै करुवेलम् कोणाच्याच शेतात उभी राहत नाही; निदान आरंभी तरी नाही. मराठीत जिला वेडी किंवा विलायती बाभूळ म्हणतात तीच ही. १८७० च्या दशकात वनखात्याच्याच पुढाकाराने मद्रास इलाख्यात ती आली. उघड्या माळावर सरपण मिळावे, हा हेतू वाईट नव्हता. आज ती नदीपात्रात, तलावांच्या पोटात, कालव्यांच्या काठावर, म्हणजे तमिळ महसुली भाषेतील ‘पुरंबोक’ जमिनीवर वाढते. गुरे-शेळ्या शेंगा खातात आणि बी शेणालेंड्यांतून पुढच्या शिवारात जाते. वरवर तोडली तर बुंध्यातून अधिक दाट फुटते. मुळासकट काढावी लागते. पाण्यातील जलपर्णीचे तेच. काढून काठावर टाकलेला ढीग पहिल्या लोंढ्यासरशी पुन्हा कालव्यात जातो. शेतव्यवस्थापनाच्या पुस्तिकेत ‘आपल्या शेतातील तण वेळीच काढावे’ असे लिहिलेले असते. शेजारचा कालवा मात्र ‘आपला’ नसतो. शिवाय तण काढणारे हात बहुतेक मजूर स्त्रियांचे असतात, आणि पुस्तिका लिहिली जाते ती खातेदाराला उद्देशून.

या ठिकाणी शब्दांकडे पाहणे उद्‌बोधक ठरेल. सह्याद्रीतील लोकांनी एका परक्या झुडपास ‘रानमोडी’ म्हटले, दुसऱ्यास ‘घाणेरी’. पहिल्या नावात परिणाम आहे, दुसऱ्यात वास. तमिळ शेतकऱ्याने बाभळीला ‘सीमै’ची, म्हणजे परमुलखाची, म्हटले, हा ‘सीमै’ शब्द संस्कृत ‘सीमा’शी नाते सांगणारा आणि आपल्या ‘विलायती’चे काम करणारा. ही नावे म्हणजे लोकांनी स्वतःच केलेल्या नोंदी होत. त्यांच्या जागी ‘आक्रमक परकीय प्रजाती’ हा शब्दप्रयोग येतो तेव्हा अचूकता वाढते खरी, पण ओळख हरवते. फसली, जमाबंदी, मिरासदार हे शब्द कावेरीच्या मुलखात परके असूनही रुजले; कारण त्यांच्याशी शेतकऱ्याचा सारा आणि हक्क बांधलेला होता. विस्तार-शिक्षणाच्या परिभाषेशी त्याचे असे काय बांधलेले आहे?

न्यायालयाची भाषा तेवढी सर्वांना ऐकू जाते. २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने दक्षिणेकडील जिल्ह्यांतून ही बाभूळ काढण्याचे आदेश दिले. त्याच वर्षी त्यांना अंतरिम स्थगितीही मिळाली. मध्यंतरी हे झाड हवेतील ओलावा शोषून पाऊस पळविते, अशी समजूत जोराने पसरली. तिला भक्कम आधार नाही. पण विद्यापीठांचा आवाज त्या कोलाहलात क्षीणच राहिला. रामनाथपुरम् जिल्ह्यात याच लाकडाच्या कोळशावर कित्येक गरीब कुटुंबे पोट भरतात, हेही पुष्कळांच्या ध्यानी आले नाही. २०२२ मध्ये राज्य शासनाने आक्रमक वनस्पतींविषयी स्वतंत्र धोरण जाहीर केले. त्यात झाडे काढण्याबरोबरच मूळ वनस्पती पुन्हा लावण्याचा विचार आहे, ही समाधानाची बाब.

तथापि धोरण कालव्याच्या काठावर कोणाच्या तोंडून उतरणार, हा प्रश्न शिल्लक राहतो. मेट्टूरचे पाणी सोडण्याची रूढ तारीख १२ जून. त्याआधीच्या कोरड्या आठवड्यांत गाळ व तण काढण्याची कामे चालतात. कृषी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी सभागृहातील मेळाव्याऐवजी तेव्हा, कालव्याच्या शेपटाकडील गावांत, खोऱ्याफावड्यांपाशी उभे राहावे. ढीग किती दूर टाकायचा, बुंधा किती खोल खणायचा, हे काम करणाऱ्या बायकांशी बोलावे, आणि त्या झुडपाला काय म्हणतात ते वहीत उतरवून घ्यावे. पुढच्या वर्षीची पुस्तिका त्या वहीवरून लिहिता येईल.