अपंगत्व विम्याच्या पैशावर टॅक्स लागतो का? ‘आधी टॅक्स भरा’ म्हणणाऱ्यापासून सावध

रोहिणखेड (ता. मोताळा) : सोयाबीन काढताना थ्रेशरमध्ये हात जातो, विहिरीवर मोटार सुरू करताना शॉक बसतो, नाहीतर मोताळ्याहून येताना दुचाकी घसरते. घरातली शिल्लक आधी दवाखान्यात संपते. मग विम्याचे लाख-दोन लाख मिळायची वेळ आली की पारावर कोणीतरी विचारतंच, ‘त्यातले टॅक्सला किती जातील?’

उत्तर सरळ आहे. अपघाती अपंगत्वासाठी विम्यातून मिळणारी एकरकमी भरपाई ही कमाई धरली जात नाही. गेलेल्या हातापायाचा तो मोबदला आहे, त्यावर आयकर नाही. म्हणून ‘तुमचा क्लेम पास झाला, आधी टॅक्सचे पाच हजार पाठवा’ असा फोन आला, तर तो फसवणुकीचाच समजावा. कर कापायचा असेल तर पैसे देणारा त्यातून कापतो, क्यूआर कोडवर मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

आता हप्त्याचं बघू. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये खात्यातून कटतात. त्यावर जीएसटी नाही. वय १८ ते ७०. मृत्यू किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आल्यास २ लाख, एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख. नुसतं बोट तुटलं तर काही मिळत नाही, हे फॉर्म भरताना कोणी सांगत नाही.

खासगी अपघात पॉलिसी स्वतःच्या नावाने घेतली असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे. हजाराच्या हप्त्याला आधी ११८० द्यावे लागत, ते आता हजारच. पण पतसंस्था किंवा कंपनीमार्फत घेतलेल्या गट विम्याला ही सूट नाही. पावती नीट वाचा. आणि ‘या पॉलिसीने इन्कम टॅक्स वाचतो’ असं एजंट म्हणाला तर त्याला थांबवा. ८०-डी ची वजावट आरोग्य विम्याच्या हप्त्यासाठी आहे, तीही फक्त जुन्या कररचनेत. निव्वळ अपघात विम्याला ती मिळत नाही. तसंही ज्याचं उत्पन्न फक्त शेतीचं, त्याला आयकरच नाही. मग वाचणार तरी काय?

भरपाईवर कर नसला तरी ती एफडीत ठेवली की व्याजावर नियम लागतो. वर्षाचं व्याज ५० हजारांवर गेलं (ज्येष्ठांना १ लाखावर) की बँक टीडीएस कापते. खात्याला पॅन जोडलेला नसेल तर कपात दुप्पट, म्हणजे २० टक्के. एकूण उत्पन्न करपात्र नसेल तर बँकेत आधीच घोषणापत्र द्यावं.

रस्ता अपघाताच्या कोर्टाच्या भरपाईत हा घोळ वर्षानुवर्षे होता. निकाल यायला दहा-पंधरा वर्षं, आणि तेवढ्या काळाच्या व्याजावर टीडीएस. लहानपणी गाडीच्या धडकेने कायमचा अंथरुणाला खिळलेल्या एका मुंबईकराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलं, की दाव्यापासून निकालापर्यंतचं व्याज हा भरपाईचाच भाग आहे, त्यावर कर नाही. फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात अपघात न्यायाधिकरणाने दिलेलं व्याज करमुक्त करण्याची घोषणा झाली.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना वेगळी. तिला हप्ताच नाही. खातेदार शेतकरी आणि घरातला आणखी एक सदस्य, वय १० ते ७५. सर्पदंश, वीज पडणं हेही त्यात येतं. पण ३० दिवसांत तालुका कृषी कार्यालयात प्रस्ताव द्यावा लागतो, आणि दवाखान्याच्या धावपळीत नेमकी हीच मुदत निघून जाते.

एक गोष्ट नोकरदार मुलांसाठी. वडिलांना ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळालं असेल आणि ते मुलावर अवलंबून असतील, तर मास्तर, कंडक्टर किंवा फौजी मुलाला जुन्या कररचनेत ७५ हजारांची वजावट मिळते. ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाख. त्याला पॉलिसीची गरज नाही, पण उपचार, सांभाळ अशा कामी खर्च झालेला असावा. वडिलांनी स्वतःच ही वजावट घेतली असेल तर मुलाला मिळत नाही.

२० रुपयांची कपात मेअखेरीस होते. त्या दिवशी खात्यात शिल्लक नसेल तर विमा बंद पडतो. पासबुक भरून घेतलं की ती नोंद दिसते का, एवढं पाहून घ्यावं.