झीज कोणाची आणि दंड कोणास?

कल्पित पराक्रमाचे जे खेळ चारसहा मित्र फासे व कागद घेऊन बैठकीवर खेळतात, त्यांत 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा आद्य होय. गायगॅक्स व आर्नेसन या दोघां अमेरिकनांनीं तो १९७४ सालीं प्रसिद्ध केला. छापील नियमांत आपल्या पसंतीची भर घालण्याची मुभा या खेळांत पहिल्यापासून आहे. आणि तिचा जितका दुरुपयोग शस्त्रांच्या झिजेसंबंधानें झाला, तितका क्वचितच दुसऱ्या कशांत झाला असेल. "फाशावर एक पडला कीं तलवार मोडली" हा घरचा नियम वास्तवाच्या नांवाखालीं चालविण्यांत येतो. तो वास्तवही नाहीं व न्याय्यही नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम न्यायाची गोष्ट घेऊं. वीस पैलूंच्या फाशावर एक पडण्याचा संभव शेंकडा ५. नवशिका योद्धा एका पाळींत एकच वार करतो. त्याला धोका तेवढाच. परंतु २०१४ सालच्या आवृत्तीप्रमाणें विसाव्या, म्हणजे शेवटच्या, पायरीस पोहोंचलेला योद्धा एका पाळींत चार वार करतो, आणि त्या चारांत एकदां तरी एक पडण्याचा संभव शेंकडा १८ हून अधिक होतो. म्हणजे जो जितका निष्णात, तितकी त्याची तलवार लवकर मोडावयाची! उलट मांत्रिकाचे कित्येक मंत्र असे आहेत कीं, त्यांकरितां फासा त्यानें टाकावयाचा नसून प्रतिपक्षानें टाकावयाचा असतो. त्याच्या पोथीस ना वाळवी लागत, ना पावसाचें पाणी. एका पंगतीस बसलेल्यांपैकीं एकालाच ताटावरून उठवावें, तसा हा प्रकार आहे.

"पण लोखंड झिजतें, हें तरी खरें ना?" असें प्रतिपक्षी विचारतील. खरें आहे, पण तें कसें झिजतें हें त्यांनीं गोंदियाजवळच्या नागऱ्यास येऊन पाहावें. येथील जुन्या शिवमंदिराचें दर्शन झाल्यावर चार पावलें धानाच्या बांधापर्यंतही यावें. धानाच्या काडींत वाळूच्या जातीचें द्रव्य असतें. त्यामुळें कापणीच्या हंगामांत विळ्याची धार हळूहळू बोथटते. एखाद्या दुर्दैवी हिसड्यानें विळा सहसा तुटत नाहीं. धार गेली तर ती लावतात, मूठ सैल झाली तर ठोकून बसवितात, आणि फारच झालें तर लोहाराकडे नेतात. मात्र ओला विळा तसाच कोपऱ्यांत टाकणाऱ्याच्या हातीं पुढल्या हंगामांत गंजच येतो. तात्पर्य, हत्यार वापरानें झिजतें; मरतें तें हयगयीनें.

आमच्या पूर्वजांना हें पक्कें ठाऊक होतें. १७१५ च्या सुमाराच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रां'त दुर्गांवरील दारू व बाण ठराविक दिवसांनीं बाहेर काढून त्यांस ऊन द्यावें व पुन्हां मोहोरबंद करावे, अशी ताकीद आहे. त्या मुत्सद्द्यानें झिजेचा निकाल दैवावर सोंपविला नाहीं, हवालदारावर सोंपविला.

खुद्द त्या खेळाच्या छापील नियमांतही लोखंड गंजविणारा एक प्राणी आहे. २०१४ सालच्या आवृत्तीप्रमाणें त्याच्यावर चालविलेलें साधें धातूचें शस्त्र दर घावास एकेक अंशानें दुबळें होतें व पांच अंशांवर नष्ट होतें. तेथें झिजेचें कारण डोळ्यांसमोर असतें, आणि तलवार म्यान करून लाकडी सोटा उचलण्यास खेळाडू मोकळा असतो. झीज व निवड यांची अशी सांगड असेल, तरच नियमाला अर्थ.

कोणी म्हणतील, मग झिजेचें नांवच नको. तेंही आम्हांस मान्य नाहीं. झीज नसली तर कथेंतला पाऊस केवळ वर्णनापुरता उरतो आणि गांवच्या लोहारास कथेंत कामच राहत नाहीं. दुसरा पंथ प्रत्येक वाराची नोंद ठेवणाऱ्यांचा. त्यांची अर्धी बैठक चोपडी लिहिण्यांतच सरते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक मुक्कामास सूत्रधारानें प्रत्येक खेळाडूस एकच प्रश्न विचारावा: "आज कशाची निगा राखलीस?" एका मुक्कामास एकच वस्तु. भिजलेली किंवा आपटलेली जी वस्तु राहून जाईल तिच्यावर एक खूण करावी. तीन खुणा झाल्या कीं तिचा गुण एकानें घटवावा. कारागिरास पैसे मोजले कीं खुणा पुसाव्या. तलवार, दोर, पायतण व मांत्रिकाची पोथी या सर्वांस हाच कायदा.

यांत भय उरत नाहीं, असा आक्षेप येईल. तो फोल आहे. फाशानें मोडलेल्या तलवारीबद्दल खेळाडू फाशाला शिव्या देतो. पायतण शिवीत बसल्यामुळें जिला धार लावावयाची राहिली, त्या तलवारीबद्दल तो दुसऱ्या कोणास बोल लावणार? ज्या दंडास अपराधच नाहीं, तो दंड नव्हे, लूट होय. आणि सूत्रधारानें लुटारू होऊं नये, एवढीच आमची मागणी आहे.