पेनड्राइव्हवरची वेबसाइट

वेबसाइट उतरवून घेणं सोपं आहे, ती नंतर वाचता येणं अवघड. डब्ल्यूगेटला पत्ता द्यायचा, रात्रभर मशीन चालू ठेवायचं, सकाळी फोल्डरमध्ये हजारभर फायली हजर. पहिलं पान झोकात उघडतं. दुसऱ्या क्लिकला 'फाइल सापडली नाही'. मग कोणीतरी हमखास सांगतं, "अरे लोकल सर्व्हर टाक ना, पायथॉनची एक ओळ, झालं काम!" मंडळी, माझा या सल्ल्याला सक्त विरोध आहे.

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची जुनी साइट आहे. पाण्याचं टाकं कुठे, वाट कुठे चुकते, अशा पंधरा वर्षांच्या नोंदी. होस्टिंगचे पैसे यापुढे कोणी भरणार नाही, तेव्हा सगळं पेनड्राइव्हवर घालून वाटायचं असं ठरलंय. ग्रुपमध्ये साठी ओलांडलेले काका आहेत. ते पायथॉन-बियथॉन लावणार नाहीत, ते थेट फाइलवर डबल-क्लिक करणार. तिथे दुवे चालले तर कॉपी झाली, नाहीतर नाही. माझी व्याख्या एवढीच.

दुवे तुटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीची तिरकी रेघ. सर्व्हरवर ती रेघ म्हणजे साइटचं मूळ. तेच पान डिस्कवरून उघडलं की ती डिस्कचं मूळ होते आणि ब्राउझर बिचारा सी ड्राइव्हमध्ये राजगडाचे फोटो शोधत बसतो. लोकल सर्व्हर तुमच्या फोल्डरलाच मूळ मानतो, म्हणून सगळं बरं दिसतं. ताप उतरला, दुखणं तसंच.

डब्ल्यूगेटमध्ये यावर 'कन्व्हर्ट-लिंक्स' नावाचा पर्याय आहे. जी पानं उतरली त्यांचे दुवे तो सापेक्ष करतो, जी उतरली नाहीत त्यांचे पूर्ण पत्ते लिहितो. पण हे काम होतं सगळ्यात शेवटी. कंटाळून मध्येच कंट्रोल-सी दाबलंत तर दुवे जसेच्या तसे राहतात. आणि ते पूर्ण पत्ते तर महाफसवे! घरी नेट चालू असताना सगळं ठणठणीत चालतं, कारण ब्राउझर गुपचूप मूळ साइटवर जाऊन येतो. म्हणून तपासताना आधी वायफाय बंद करा, फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा आणि मग क्लिक करत सुटा. साइट एकदा बंद झाली की राहिलेली फाइल परत मागायला दार उरत नाही, म्हणून ही तपासणी आत्ताच व्हायला हवी.

लिनक्सवर उतरवत असाल तर आणखी एक भानगड. तिथे फायलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजला आणि सहसा पेनड्राइव्हलाही ते चालत नाही. उतरवतानाच 'रिस्ट्रिक्ट-फाइल-नेम्स' विंडोजवर ठेवा, प्रश्नचिन्हाच्या जागी ॲट येतं आणि दुवेही त्याप्रमाणे बदलतात. जोडीला 'ॲडजस्ट-एक्स्टेन्शन' द्या, नाहीतर डबल-क्लिकवर विंडोज विचारणार, ही फाइल कशात उघडू? :)

जावास्क्रिप्टने बनवलेल्या मेन्यूपुढे मात्र डब्ल्यूगेट हात टेकतो. तो स्क्रिप्ट चालवतच नाही, त्यामुळे मेन्यूमागची पानं त्याला दिसतच नाहीत. ती नावं गोळा करून, यादीची फाइल करून त्याच्या हातात द्यावी लागते. कंटाळवाणं काम आहे, इलाज नाही. खरं तर हा राग साइट बनवणाऱ्यांवर काढायला हवा. साध्या मजकुराच्या पानाला साधा सापेक्ष दुवा देताना यांच्या बोटांना काय होतं कोण जाणे!

असो. आमच्या साइटच्या मेन्यूतली 'घाटवाटा' आणि 'पाण्याच्या जागा' ही दोन्ही पानं अशीच अडकली आहेत. होस्टिंग महिनाअखेरपर्यंत आहे, म्हणजे अजून दोन शनिवार हातात.