शाल नको, वाचनालयासाठी पुस्तकं घ्या

या उन्हाळ्यात मला १४ शाली मिळाल्या. ४२-४३ डिग्रीत, पंखा गरम हवा फेकत असताना, खांद्यावर शाल! सोबत १४ श्रीफळं, ११ स्मृतिचिन्हं, आणि पुष्पगुच्छ किती ते मोजले नाहीत. याच १४ कार्यक्रमांत माझ्या नव्या कादंबरीच्या मिळून १८७ प्रती विकल्या गेल्या. त्यातल्या यजमान वाचनालयांनी त्यांच्या कपाटासाठी घेतलेल्या प्रती किती? नऊ.

हे रडगाणं नाही, हे आधीच सांगते. उन्हाळा फार छान गेला. एप्रिलच्या मध्यापासून मृग लागेपर्यंत मी जवळजवळ घरी नव्हतेच. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे व्याख्यानमालांचा हंगाम. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती कल्पना पुढे गावोगाव रुजली. परीक्षा संपलेल्या असतात, माहेरवाशिणी आलेल्या असतात, ऊन उतरलं की वाचनालयाच्या अंगणात सतरंज्या पडतात. माईकवाला 'हॅलो हॅलो' करतो आणि सातचा कार्यक्रम साडेसातला सुरू होतो. मी बहुतेक प्रवास एसटीने केला. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणून एवढं फिरणं परवडलं. कोल्हापूरहून बेळगावला जाताना मात्र ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढे पूर्ण तिकीट. कंडक्टर म्हणाले, "मॅडम, महाराष्ट्र संपला की माया संपली!"

बेळगावला माझी मैत्रीण राहते. ती मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करते. तिच्याकडे तीन दिवस राहिले आणि तिसऱ्या दिवशी आमचं गाडं एका साध्या शब्दावर अडलं. माझी नायिका सुरुवातीला भावाला म्हणते, "आपण घर विकू." शंभरेक पानांनी तीच त्याला म्हणते, "आम्ही घर विकतोय." 'आपण'मध्ये भाऊ आहे, 'आम्ही'मध्ये तो नाही. अख्खी कादंबरी या दोन शब्दांच्या मधे घडते. कन्नडमध्ये दोन्हीला एकच शब्द, 'नावु'. मग भावाला घराबाहेर काढायचं कसं? रात्री दीडपर्यंत आम्ही त्यावर भांडलो, मधे दोनदा चहा झाला. वाट सापडली शेवटी. पण मला त्या रात्री माझीच कादंबरी नव्याने कळली.

अंबाजोगाईच्या एका तरुण लेखकाने त्याच्या पहिल्या कादंबरीचं हस्तलिखित गच्चीवर बसून चार तास वाचून दाखवलं. शेवटची दोन प्रकरणं काढून टाक म्हटलं तर रुसला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला, "ताई, काढली."

अशा मैत्रीचे फोटो निघत नाहीत. पण मराठी कादंबरी जी काही पुढे सरकते ती याच्यावर. आणि इथेच माझा मुद्दा सुरू होतो. ही मैत्रीण मला पहिल्यांदा भेटली ती एका वाचनालयाच्या कार्यक्रमात. हा मुलगाही असाच, कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलू लागला तेव्हा बोलायला लागला. छोट्या गावातलं वाचनालय नसतं तर आमची गाठच पडली नसती. लिहिणाऱ्यांना एकमेकांपर्यंत पोचवण्याचं काम ही वाचनालयं शे-दीडशे वर्षं करताहेत. रत्नागिरीचं १८२८चं, नाशिकचं १८४०चं, बेळगावचं १८४८चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं.  लोकांच्या वर्गणीचा त्यांना आधार राहिला आहे.

आज त्यांची अवस्था काय आहे? एका तालुक्याच्या गावी ग्रंथपाल काकांनी मला नवीन पुस्तकांचं कपाट दाखवलं. त्यातलं सगळ्यात 'नवीन' पुस्तक तीन वर्षांपूर्वीचं होतं. त्यांचा पगार विचारला, तर आधी हसले आणि मग इतक्या हळू आवाजात आकडा सांगितला की तो इथे लिहिणं मला बरं वाटत नाही. अनुदान हप्त्याने येतं, उशिरा येतं, त्यातून वीजबिल, वर्तमानपत्रं, पगार, आणि उरलं तर पुस्तकं. तरीही त्यांनी माझी राहायची सोय स्वतःच्या घरी केली आणि काकूंनी रात्री अकराला गरम भाकरी वाढली. असं असताना मी कुठल्या तोंडाने म्हणू की माझ्या पुस्तकाच्या चार प्रती का नाही घेतल्या?

म्हणून हा प्रश्न त्या काकांना विचारायचा नाही. सरकारला विचारायचा.

देशातला पहिला ग्रंथालय कायदा कुठे झाला माहितीये? आपल्या कोल्हापूर संस्थानात, १९४५ मध्ये. स्वातंत्र्यानंतर मद्रासने १९४८ला कायदा केला आणि त्यात ग्रंथालय उपकर ठेवला. म्हणजे घरपट्टीसोबत थोडी रक्कम वाचनालयांसाठी. कर्नाटकाने १९६५च्या कायद्यात तसंच केलं. केरळातही उपकर आहे. महाराष्ट्राने १९६७ला कायदा केला, चांगला कायदा केला, पण उपकर ठेवला नाही. त्यामुळे आपली वाचनालयं दरवर्षी अर्थसंकल्पाकडे डोळे लावून बसतात. अनुदान वाढवा म्हणून ग्रंथालय संघाने निवेदन द्यायचं, मोर्चा काढायचा, काही वर्षांनी थोडी वाढ पदरात पडायची, की पुन्हा निवेदन. सुरुवात आपण केली आणि हक्काचा पैसा शेजाऱ्यांनी ठेवला.

शेजारी सगळं आलबेल आहे असं नाही. कर्नाटकात सरकारी ग्रंथालय खातं पुस्तकं घाऊक विकत घेतं, पण पैसे वेळेवर मिळत नाहीत ही तिथल्या प्रकाशकांची जुनीच तक्रार आहे. उपकर गोळा होतो पण वाचनालयांपर्यंत पोचत नाही, हेही ऐकू येतं. मान्य. पण थकलेला पैसा मागता तरी येतो. जो ठरलेलाच नाही तो कुणाकडे मागायचा?

आता साधं गणित बघा. कादंबरीची किंमत ४०० रुपये, लेखकाचं मानधन दहा टक्के, म्हणजे प्रतीमागे ४० रुपये. हजाराची आवृत्ती संपायला तीन वर्षं लागली तर लेखकाला तीन वर्षांत ४० हजार. कादंबरी लिहायला मला पाच वर्षं लागली, बाकी हिशेब तुम्हीच करा. २०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे लोक ८ कोटी ३० लाख होते आणि आवृत्ती हजाराची! आपल्या राज्यात अनुदान घेणारी सार्वजनिक ग्रंथालयं १० हजारांहून जास्त आहेत. वर्षभरात आलेल्या निवडक शंभर पुस्तकांची प्रत्येकी एक प्रत या प्रत्येक वाचनालयात गेली, तर मराठी प्रकाशनाचं चित्रच पालटेल. घरपट्टीत शंभर रुपयांमागे एक रुपया. तीन हजार घरपट्टी भरणाऱ्याला वर्षाला ३० रुपये. टपरीवर दोन-तीन कटिंग!

लगेच कुणीतरी म्हणेल, "आजकाल वाचतो कोण?" १४ गावांत फिरून आल्यावर सांगते, वाचतात. एका गावात दहावीची मुलगी वही घेऊन आली होती. वाचनालयातली एकुलती एक प्रत तिच्या आधी सहाजणांनी नोंदवून ठेवली होती, म्हणून तिला कादंबरी वाचायलाच मिळाली नव्हती. मी बोलत असताना ती उतरवून घेत होती. त्या गावात वाचक सात होते आणि प्रत एक.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले, छानच झालं. पण अभिजात भाषेतली या वर्षीची कादंबरी तालुक्याच्या कपाटात नसेल तर तो दर्जा नुसता फ्रेम करून भिंतीवर लावायला. संमेलनं व्हावीत, मांडव पडावेत, माझा विरोध नाही. मात्र मांडव तीन दिवसांनी उतरतो आणि वाचनालय वर्षभर उघडं असतं. पैसा आधी कुठे जायला हवा?

उपकर येईल तेव्हा येईल. त्यासाठी आपापल्या आमदाराला हे एकदा विचारा, निवडणुकीची वाट न बघता. तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. आयोजकांनो, शाल-श्रीफळ-स्मृतिचिन्ह यांचा खर्च हजार-बाराशेच्या घरात जातो. तेवढ्यात वक्त्याच्या तीन प्रती येतात. त्या वाचनालयाला द्या, आत कार्यक्रमाची तारीख लिहा. यापुढे मी निमंत्रण घेताना हीच एक अट घालणार आहे. लेखक मित्रमैत्रिणींनो, तुम्हीही घाला, एकट्याने घातली तर आगाऊपणा वाटतो! आणि वाचकहो, तुमच्या गावच्या वाचनालयाचे सभासद नसाल तर या आठवड्यात व्हा. महिन्याची वर्गणी एका पिझ्झ्यापेक्षा कमी असते.

माझ्या १४ शाली एका वृद्धाश्रमात दिल्या. थंडीत त्या कुणाच्या तरी उपयोगी पडतील. पुढच्या उन्हाळ्यात मला खांद्यावर काही नको. त्या मुलीच्या वाचनालयात सात प्रती हव्यात.