कोंबडीच्या मासिकातला शोध



परीक्षेचा निकाल लागला की घरी पहिला प्रश्न काय येतो? "किती पडले?" शास्त्रज्ञांचीही यातून सुटका नाही बरं का! त्यांना विचारतात, तुमचे शोधनिबंध किती? ते कोणत्या मासिकात छापून आले? आणि इतरांनी त्यांचे दाखले किती वेळा दिले?

शास्त्रज्ञ आपला प्रयोग लिहून काढतो, तो शोधनिबंध. ज्यांच्या कामाचा त्याने आधार घेतला, त्यांची यादी निबंधाच्या शेवटी असते. दुसऱ्यांच्या जितक्या याद्यांत तुमचा निबंध येईल, तितके तुमचे दाखले. अमेरिकेत युजीन गारफिल्ड यांनी १९६०च्या दशकात अशा दाखल्यांची भलीमोठी सूचीच काढायला सुरुवात केली. आता हे काम संगणक चुटकीसरशी करतो.

आज ज्या निबंधाची गोष्ट सांगणार आहे, तो मात्र चक्क कोंबड्यांच्या मासिकात आला होता!

कोंबडीच्या शेपटीखाली, विष्ठा बाहेर पडते त्या जागेजवळ, आतल्या बाजूला एक छोटीशी पिशवी असते. इटलीतल्या पादुआ शहरातल्या फॅब्रिशियस या शरीरशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, म्हणून ती 'फॅब्रिशियसची बर्सा'. त्याचं पुस्तक छापलं गेलं १६२१ साली. पण ही पिशवी करते काय? तीनशे वर्षं उलटून गेली तरी कुणालाच धड सांगता येईना!

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी शिकत होता. त्याने हाच प्रश्न आपल्या सरांना विचारला. सर म्हणाले, प्रश्न चांगला आहे, तूच उत्तर शोध! ग्लिकने पिल्लं लहान असतानाच त्यांची बर्सा काढून टाकली आणि वाट पाहिली. पिल्लं आपली मजेत वाढली. काही विशेष दिसेना.

तेवढ्यात त्याचा मित्र टिमोथी चँग आला. रोगजंतू शरीरात शिरले की त्यांच्याशी लढायला रक्तात प्रतिपिंडे तयार होतात, हे त्याला वर्गात दाखवायचं होतं. त्यासाठी त्याने ग्लिकच्या कोंबड्या नेल्या आणि त्यांना इंजेक्शनं दिली. पण बऱ्याच कोंबड्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडेचनात! वर्गापुढे फजिती. मग शोध घेतला, तर त्या निघाल्या बर्सा काढलेल्या. दोघांनी पुन्हा, जास्त कोंबड्या घेऊन प्रयोग केला. उत्तर तेच. म्हणजे प्रतिपिंडे बनवायला बर्सा हवीच!

केवढा मोठा शोध! त्यांनी निबंध 'सायन्स' या नामांकित मासिकाकडे पाठवला. तो नाकारला गेला. शेवटी १९५६ साली तो 'पोल्ट्री सायन्स'मध्ये छापून आला. माणसांच्या रोगांवर काम करणारे डॉक्टर कोंबड्यांचं मासिक कशाला उघडतील? काही वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी फिरकलंच नाही. (आईबाबांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.) तेव्हा कुणी ग्लिकचे दाखले मोजले असते, तर ते किती भरले असते?

मोजणी निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. ढिगाऱ्यातून कामाचे निबंध शोधायला ती उपयोगी पडते. पण लोकांनी आजवर काय वाचलं, एवढंच तिला कळतं. न वाचलेल्या निबंधात काय आहे, हे तिला कसं कळणार?

पुढे मिनेसोटात मॅक्स कूपर यांनी रॉबर्ट गुड यांच्याबरोबर कोंबडीच्या पिल्लांवरच प्रयोग केले. १९६५ साली त्यांनी दाखवून दिलं, की शरीराच्या फौजेत दोन वेगळ्या तुकड्या आहेत. एक बर्सातून तयार होते, ती प्रतिपिंडे बनवते. दुसरी मानेतल्या थायमस ग्रंथीतून येते. आता ग्लिकच्या जुन्या निबंधाची किंमत सगळ्यांना कळली. रोगप्रतिकारशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे दाखले येऊ लागले. थायमसचं काम शोधणारे जाक मिलर आणि कूपर यांना २०१९ साली लास्कर पुरस्कारही मिळाला.

ज्यांच्या घरी पोल्ट्री आहे, त्यांनी 'गंबोरो' रोगाचं नाव ऐकलं असेल. त्याचे विषाणू पिल्लांच्या बर्सावरच हल्ला करतात. मग पिल्लं इतर रोगांनाही लवकर बळी पडतात. म्हणून तर पिल्लांना गंबोरोची लस देतात.

थायमसच्या पेशींना 'टी' आणि बर्साच्या पेशींना 'बी' हे नाव पडलं. तुम्ही लस टोचून घेता, तेव्हा प्रतिपिंडे बनवायचं काम तुमच्या बी पेशीच करतात. पण गंमत अशी, की माणसाला बर्सा नसतेच! आपल्या बी पेशी हाडांच्या मगजात, म्हणजे 'बोन मॅरो'त तयार होतात. तोही शब्द नेमका 'बी'नेच सुरू होणारा निघाला, त्यामुळे नाव बदलायची वेळच आली नाही!